इलेक्ट्रॉनला धूर नसतो

माझ्या मोठ्या भावाने आयुष्यात माझं एकच व्याख्यान शेवटपर्यंत ऐकलं, आणि तेही त्याला पळता येत नव्हतं म्हणून. पुढे ट्रॅक्टर, मागे ट्रॅक्टर, एका बाजूला गटार आणि दुसऱ्या बाजूला मी. वक्त्याला याहून चांगला श्रोता मिळत नाही.

मी नाशिकला एका ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. ही गोष्ट घडली तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती. मी शिकवत नाही, नाटकं करते, असं माझे सहकारी म्हणतात आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत. गुरुत्वाकर्षणाच्या तासाला मी टेबलावर चढते. ध्वनीच्या तासाला दोन वर्ग पलीकडून तक्रार येते. मला त्याचं काही वाटत नाही. झोपलेला विद्यार्थी हा शिक्षकाचा जाहीर अपमान असतो आणि तो मी अजून कोणाला करू दिलेला नाही.

दादाची मुलगी अकरावीपासून माझ्याकडे राहायला होती. द्वारका चौकाजवळ आमचा फ्लॅट, खाली चोवीस तास हॉर्न, आणि त्या हॉर्नमध्ये ही पोरगी कानात कापूस घालून माझ्या कपाटातली पुस्तकं वाचायची. एका पुस्तकात तिला एक वाक्य सापडलं, की पॉझिट्रॉन नावाचा जो कण आहे, तो म्हणजे काळात उलट्या दिशेने चाललेला इलेक्ट्रॉन, असं समजलं तरी गणित तंतोतंत जुळतं. त्या दिवशी ती जेवली नाही. त्या वयात मुली ज्या कारणांसाठी जेवत नाहीत त्यांपैकी हे कारण नव्हतं, म्हणून मी काळजी केली नाही. करायला हवी होती. कारण दोन वर्षांनी ती पुण्याच्या एका विज्ञानसंस्थेची प्रवेशपरीक्षा देऊन बसली, पास झाली, आणि मग दादा म्हणाला, नाही.

संस्थेला वडिलांच्या सहीचं हमीपत्र हवं होतं. ते सही करून, फोटो काढून, त्यांच्या वेबसाइटवर पाठवायची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. नंतर प्रवेश रद्द. गुरुवारी रात्री मी फोन केला, तर दादा म्हणाला, "उद्या मला टाइम नाय. कांदा घेऊन लासलगावला चाललोय."

"मग आम्ही तिकडे येतो."

"या की. लाईनीत बसून करायचं तरी काय असतं."

त्याला वाटलं मी येणार नाही. सख्खा भाऊ असून माझ्याबद्दल इतकं अज्ञान.

सकाळी आम्ही दोघी स्कूटरवर निघालो. ओझर, पिंपळगाव, निफाड. भाची मागे बसली होती, हमीपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी ओढणीखाली, कारण आभाळ भरून आलं होतं. सगळ्या वाटेत मीच बोलत होते. स्कूटरवर मागच्याला काही ऐकू येत नाही, पण मला त्याने कधी फरक पडलेला नाही.

जुलै महिना. कांदाचाळीत साठवलेला उन्हाळ कांदा सगळे एकदम बाहेर काढतात ते दिवस. मार्केटच्या गेटपासून मागे रस्त्याच्या कडेने ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची लाईन लागलेली, आणि त्या लाईनीत साधारण मध्यावर आमचे बंधुराज ट्रॅक्टरच्या सीटवर मांडी घालून भेळ खात होते. त्यांच्या मागच्या ट्रॅक्टरवर शेजारच्या गावचे एक म्हातारे गृहस्थ. त्यांना सगळेच आबा म्हणतात.

"आल्या मास्तरीणबाई," दादा म्हणाला. "आबा, ही माझी धाकटी बहीण. हिनंच बिघडवली माझी पोरगी."

"नमस्कार आबा," मी म्हणाले. "मोठीसुद्धा मीच करणार आहे."

आबांनी टोपी सारखी केली आणि नीट ऐकू यावं म्हणून कानामागे हात धरला.

दादाचं म्हणणं मला वाटलं होतं तसं नव्हतं. पुणं लांब आहे, मुलीची जात, हे काही त्याने काढलं नाही. त्याने भेळेचा कागद चुरगळला आणि सरळ सांगितलं, "हे बघ. फार्मसीला घातली तर चार लोकांत मला सांगता येतं. पोरगी काय करती? फार्मसी करती. कोणी पुढं इचारत नाय. हे तुमचं फिजिक्स म्हटलं की विचारतात, म्हणजे नेमकं काय? आणि मला बोलता येत नाय. माझीच पोरगी, आन् ती काय करती ते मला सांगता येईना, असं मला नको."

मी दर वर्षी शंभर पालकांना भेटते. मुलगी काय शिकते हे आपल्याला सांगता यायला हवं, असा हट्ट धरणारा बाप मला पहिल्यांदा भेटला, तो माझ्याच घरात निघाला.

"मग असं कर," मी म्हणाले. "तिला जे शिकायचंय त्यातलं एक काहीतरी मी तुला आत्ता समजावते. समजलं तर सही."

"नुसतं समजून भागणार नाय. मला दुसऱ्याला सांगता आलं पाहिजे."

"चालेल. काय सांगू, गं?" मी भाचीला विचारलं. माझी अपेक्षा होती की ती शहाण्यासारखं ग्रहण म्हणेल, इंद्रधनुष्य म्हणेल.

"उलट्या काळातला इलेक्ट्रॉन," ती म्हणाली.

बापावर गेली आहे.

पहिला अंक मी कांद्यांवर केला. ट्रॉलीतून दोन कांदे घेतले, दोन्ही हातांत धरले आणि सांगितलं की जगातल्या प्रत्येक कणाला एक प्रतिकण असतो. वजन तेवढंच, विद्युतभार मात्र विरुद्ध. इलेक्ट्रॉन ऋण, तर पॉझिट्रॉन धन. आणि दोघांची गाठ पडली की दोघंही नाहीसे होतात, उरतो फक्त उजेड. असं म्हणून मी दोन्ही कांदे एकमेकांवर आपटले.

"कांद्याला कांदा आपटला तर डाग पडतो," दादा म्हणाला. "उजेड नाय पडत. ठेव ते खाली, लिलावाचा माल हाय."

दुसरा अंक काळाचा. मी रस्त्यावर उतरले आणि म्हणाले, आता बघा, मी काळात मागे चालले आहे. आणि तोंड त्यांच्याकडे ठेवून पाठमोरी चालू लागले. चालणं बरं साधलं होतं, चेहऱ्यावरचे भावसुद्धा उलटे आणायचा माझा प्रयत्न होता, तेवढ्यात मी चहावाल्याच्या सायकलवर जाऊन धडकले. दोन किटल्या वाचल्या, कपांचा ढीग गेला. आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"म्हंजी पोरगी पुण्याला जाऊन पाठमोरी चालायला शिकनार," ते दादाला म्हणाले. "भाऊ, हे तर आमच्या म्हशीला बी येतं."

दादा हसला नाही. तो भाचीकडे बघत होता, आणि भाची ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून मोबाइलमध्ये बघत होती, म्हणजे रडत नव्हती एवढंच. मी घड्याळ पाहिलं. एक वाजून गेला होता. पंचवीस वर्षांत माझं एवढं वाईट व्याख्यान झालं नव्हतं, आणि ज्या दिवशी खरंच काही अवलंबून होतं त्याच दिवशी ते झालं.

मग पुढे, गेटच्या बाजूला, कोणाचा तरी ट्रॅक्टर बंद पडला. दहा-बारा जणांनी ढकलत तो लाईनीच्या बाहेर काढला.

ज्यांनी ही लाईन पाहिली नाही त्यांना सांगते. एक ट्रॅक्टर बाहेर गेला की सगळी लाईन एकदम सरकत नाही. आधी त्याच्या मागचा चालू होतो, एक घर पुढे जातो, थांबतो. मग त्याच्या मागचा. मग त्याच्या मागचा. प्रत्येक जण आपली पाळी येईपर्यंत इंजिन बंद ठेवतो, डिझेल वाचवायला. म्हणून पुढे काय चाललंय याकडे कोणी बघत नाही. सगळे एकच गोष्ट बघतात.

"जागा आली का?" आबांनी मागून विचारलं.

"येतीय," दादा मान उंच करून म्हणाला. "पिंपळापाशी आलीय." मग थोड्या वेळाने, "हापशापाशी आली." मग त्याने चावी फिरवली, ट्रॅक्टर एक घर पुढे घेतला, चावी बंद केली, आणि मागे वळून म्हणाला, "घ्या आबा, आली तुमच्याकडं."

माझ्या अंगावर काटा आला. मी खोटं सांगत नाही. नाटक करणाऱ्या बाईच्या अंगावर खरा काटा क्वचित येतो, म्हणून तो मला लगेच ओळखू येतो.

"दादा," मी म्हणाले, "आत्ता इथून काय गेलं?"

"कुठं काय गेलं?"

"तूच म्हणालास ना. पिंपळापाशी आली, हापशापाशी आली, आबांकडे गेली. काय गेलं?"

"जागा."

"कुठल्या दिशेने?"

"मागं."

"आणि ट्रॅक्टर?"

"ते पुढं."

"एक तरी ट्रॅक्टर मागे आला?"

"यील कसा? मागं आबा हायेत."

"मग मागे जे गेलं त्याला चाकं होती का? इंजिन होतं?"

तो मान वळवून लाईनीकडे बघू लागला. आबाही पुढे वाकून बघू लागले, आणि ते जास्त महत्त्वाचं होतं. मी आवाज खाली आणला. कधी आणायचा हे मला माहीत आहे. मी सांगितलं की एका शास्त्रज्ञाने नेमकं हेच मांडलं होतं. आपण जिला पोकळी म्हणतो तिच्यात इलेक्ट्रॉनांची अशीच गच्च लाईन लागलेली आहे. गच्च आहे म्हणूनच ती जाणवत नाही. पण त्यातला एक उठून गेला की त्याची रिकामी जागा दिसू लागते, आणि ती चालते, वळते, एखाद्या खऱ्या कणासारखी वागते, फक्त सगळं उलटं. इलेक्ट्रॉन ऋण, तर जागा धन. आजकाल शास्त्रज्ञ हेच जरा वेगळ्या भाषेत सांगतात, पण पॉझिट्रॉन पहिल्यांदा कागदावर आला तो असा. कोणालाही तो दिसायच्या आधी.

"जागेला बी नाव दिलं म्हणा की," आबा म्हणाले.

"हे झालं," दादा म्हणाला. "हे मी सांगू शकतो. पण ही तर काळाचं म्हणत होती. उलट्या काळाचं काय?"

मी तोंड उघडलं, आणि माझ्या आधी भाची मडगार्डवरून खाली उतरली. मघाशी लाईन सरकत होती तेव्हा तिने मडगार्डवरूनच मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढला होता. तिने तो बापाच्या हातात दिला.

"पप्पा, हा मी उलटा लावलाय. बघा."

पडद्यावर ट्रॅक्टर एकेक करून मागे येत होते आणि रिकामी जागा ऐटीत गेटच्या दिशेने पुढे निघाली होती. दादा खुदकन हसला. "धूर बघ, धूर. नळकांड्यात परत चाललाय."

"म्हणजे उलटा लावलाय हे तुम्हाला कशावरून कळलं?"

"धुरावरून."

"आणि धूर नसता तर?"

दादाने परत बघितलं. धुरावर अंगठा ठेवून बघितलं. "तर मग... रिव्हर्स गिअरमधे येतायत का पिक्चर उलटा हाय, ते सांगता नसतं आलं."

"इलेक्ट्रॉनला धूर नसतो, पप्पा."

तिने हे इतक्या सहज म्हटलं की मला पंचवीस वर्षांची माझी सगळी टेबलं आठवली आणि थोडी लाज वाटली. माझ्या एकाही तासात मी एवढं चांगलं वाक्य बोललेले नाही. ते मी लगेच चोरलं. तेव्हापासून दर वर्षी वापरते.

"थांब," दादा म्हणाला. आता तो कामाला लागला होता. त्याचे डोळे बारीक झाले, चाळीतला कांदा हातात घेऊन दाबून बघताना होतात तसे. "कांदा सडला तर परत चांगला व्हत नाय. काळ उलटा जात असता तर झाला असता."

"कांदा सडतो," ती म्हणाली. "मोड येतात. म्हणून कालचा कोणता, आजचा कोणता ते कळतं. इलेक्ट्रॉन सडत नाही. मोड येत नाहीत. त्याच्याकडे बघून काल होता का उद्या, काहीच कळत नाही."

"नवा-जुना नसतोच?"

"नसतोच."

"मग त्याला लय बरं हाय," आबा म्हणाले.

भाची आता थांबणार नव्हती. "आपल्या घरून मार्केटला येताना रस्ता निफाडला कुठं वळतो?"

"डावीकडं."

"घरी जाताना?"

"उजवीकडं. रस्ता तोच की."

"बस, तेवढंच. चुंबकाजवळ इलेक्ट्रॉन डावीकडं वळतो असं धरा. त्याचा पिक्चर उलटा लावला तर रस्ता तोच, पण तो वळताना दिसेल उजवीकडं. आणि चुंबकाजवळ उजवीकडं कोण वळतो? धन भारवाला. म्हणजे उलट्या काळात चाललेला इलेक्ट्रॉन आणि सुलट्या काळात चाललेला पॉझिट्रॉन, बघणाऱ्याला एकच. धूर नाही, मोड नाहीत, सांगणार कशावरून?"

दादाने हाताने हवेत डावीकडे एक वळण काढलं. मग तेच बोट त्याच वळणावरून उलटं आणलं. परत नेलं. परत आणलं. चाळिशी लावलेला, मिशा पिकलेला माझा भाऊ लासलगावच्या रस्त्यावर बोटाने काळ पुढेमागे करत होता आणि मी आयुष्यात पहिल्यांदा मध्ये बोलले नाही.

तेवढ्यात पुढे पुन्हा एक ट्रॅक्टर लाईन सोडून डिझेल भरायला पंपाकडे गेला आणि नवी जागा मागे यायला लागली. सगळी लाईन चाव्यांवर हात ठेवून वाट बघू लागली. जागा पिंपळाच्या अलीकडे आली असेल नसेल, एक पिकअप कांद्याच्या गोण्या घेऊन शेजारून भरधाव आला आणि सरळ त्या जागेत घुसला. पुढचे, मागचे, सगळ्यांनी एकदम हॉर्न वाजवले. कोणीतरी त्या ड्रायव्हरच्या सात पिढ्या काढल्या.

दादा सीटवर उभा राहिला. मला वाटलं भांडायला निघाला. त्याने दोन्ही हात पसरले.

"आबा, बघितलं का? मोकळी फिरणारी गाडी व्हती, ती गेली. मोकळी जागा व्हती, ती बी गेली. दोघांची गाठ पडली आन् दोघं खल्लास. राहिलं काय? नुसता गोंगाट." मग तो माझ्याकडे वळला. "हाच ना तुझा उजेड?"

"हाच," मी म्हणाले.

"मग मघाशी कांदे कशाला आपटत व्हतीस?"

आता परीक्षा होती. तो ट्रॅक्टरवरून उतरून आबांच्या ट्रॅक्टरपाशी गेला आणि सुरुवातीपासून सगळं सांगितलं. गच्च लाईन, जागा, धूर, निफाडचं वळण, पिकअप. आबांनी मध्ये चार शंका काढल्या, त्यांतल्या तीन शंकांना त्याने उत्तर दिलं आणि चौथीला, "ते सोडा, पुढचं ऐका," असं सांगितलं. तसंच सांगतात. मीही तसंच सांगते. माझ्यापेक्षा त्याने एक गोष्ट जास्त केली, एकाही चहावाल्याला धडकला नाही.

"कळलं का?" त्याने शेवटी विचारलं.

"कळलं," आबा म्हणाले. "पोरीला जाऊ दे, भाऊ. लाईनीत बसून आमी इतकी वर्सं घालवली, जागा मागं जाती हे रोज म्हनलो, आन् त्यात काय हाय ते कोनी इचारलं नाय."

हमीपत्रावर सही बॉनेटवर झाली. बॉनेट तापलेलं होतं, कागद जरा वाकला, एका कोपऱ्याला डिझेलचा डाग पडला. भाचीने फोटो काढला आणि पाठवायला घेतला, पण एवढ्या लोकांच्या फोनांत रेंज अडकली होती. ती पळत हापशाच्या पलीकडे गेली, हात वर करून उभी राहिली, आणि तिथून तिने बापाकडे बघून अंगठा दाखवला. पावणेतीन वाजले होते. दादाने आबांकडे, मागच्याकडे, त्याच्या मागच्याकडे बघून तोच अंगठा दाखवला. त्यांतल्या निम्म्यांना कशाचा ते माहीत नव्हतं, तरी तो अंगठा शेवटच्या ट्रॅक्टरपर्यंत गेला असावा.

आमची ट्रॉली आत जाऊन लिलावाला उभी राहिली तेव्हा दादाभोवती सात-आठ शेतकरी होते आणि तो धुरापर्यंत आला होता. व्यापाऱ्यांचा घोळका एकेक ट्रॉली करत आमच्याकडे आला. बोली पुकारणाऱ्याने मूठभर कांदे उचलले. दादा म्हणाला, "दोन मिनिटं थांबा. एवढं होऊ द्या."

लासलगावला शेतकऱ्याने फिजिक्ससाठी लिलाव थांबवलेला मी पाहिला नव्हता. त्या घोळक्यानेही पाहिला नसावा, कारण ते खरोखर थांबले. दादाने पिकअपचा प्रसंग साभिनय केला. हॉर्नचा आवाज तोंडाने काढला. आमच्या घरात नाटक फक्त माझ्याच वाट्याला आलंय, हा माझा समज तिथे संपला.

एक जाडसर व्यापारी शेवटपर्यंत मन लावून ऐकत होता. तो म्हणाला, "भाऊ, एक सांगा. सुलटा माल आणि उलटा माल जोडीनेच तयार होत असेल आणि भेटले की दोन्ही संपत असतील, तर मग हे सगळं जग सुलट्याच मालाचं कसं काय? उलटा माल गेला कुठं?"

दादाने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं, आणि माझं सोडा, जगात कोणालाच येत नाही. मोठमोठ्या प्रयोगशाळा त्यासाठी बसल्या आहेत. मी हळूच त्याला तसं सांगितलं.

दादाने ते ऐकून घेतलं, सावकाश. मग ट्रॉलीच्या फळीवर एक पाय ठेवला, भाचीला हाताला धरून पुढे ओढलं आणि सगळ्या घोळक्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ते अजून कोणालाच म्हाईत नाय, शेठ. तेच शोधायला धाडतोय हिला."

आणि मग, बोली पुकारणाऱ्याकडे वळून, "हां. बघा आता कांदा."